वायफायच्या दांड्या फुल, नेट गुल!

ऑनलाइन टेस्ट, इंटरव्ह्यू, प्रोजेक्ट सबमिशन... आपलं अर्ध करिअर आता घरच्या पीसीवरून चाललंय. प्लॅन किती एमबीपीएसचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण राऊटर आणि पीसी यांच्यामधल्या पंधरा फुटांकडे कुणी बघतच नाही. आमच्या फ्लॅटमध्ये याच पंधरा फुटांनी एकीची टेस्ट खाल्ली. त्यानंतरच्या अकरा दिवसांत आम्ही जे शिकलो, त्याची ही गोष्ट.

रविवारची सकाळ. कर्वेनगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कर्फ्यू लागला होता. मिक्सर बंद, कुकर बंद, माझी गाणी बंद. कारण आतल्या खोलीत रूममेटची एका कंपनीची टेस्ट सुरू होती. दीड तासाची. वेबकॅम चालू, माइक चालू, नजर स्क्रीनवरून जरा हटली की वॉर्निंग. ऑफ कॅम्पस होती, म्हणजे कॉलेजने ताटात वाढलेली संधी नाही. तीन महिने फॉर्म भरभरून तिने स्वतः मिळवलेली.

चाळिसाव्या मिनिटाला आतून आवाज आला, "अगं, नेट गेलं!"

मी धावत राऊटरकडे. सगळे दिवे हिरवेगार. माझ्या मोबाइलवर रील मस्त पळत होतं, तेही त्याच वायफायवर. आणि तिच्या पीसीवर? वायफायच्या दांड्या फुल, मधोमध गोल गोल फिरणारं चक्र. तिने डोंगल काढून परत लावलं, पीसी रीस्टार्ट केला. चार मिनिटांनी नेट आलं, पण टेस्ट परत आली नाही. 'तुमची टेस्ट सबमिट झाली आहे', एवढंच स्क्रीनवर.

ती रडली वगैरे नाही. गादीवर बसली, आईला फोन लावला आणि म्हणाली, "हो गं, बरी गेली." ते ऐकून मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी तिने स्क्रीनशॉट जोडून कंपनीला मेल टाकला. नशीब, दोन दिवसांनी उत्तर आलं. अकरा दिवसांनी पुन्हा टेस्ट. पण सोबत एक ओळ होती, यानंतर संधी मिळणार नाही.

दोष कुणाचा?

पहिला संशय अर्थातच नेट कंपनीवर. मी कस्टमर केअरला फोन लावून चांगलीच भांडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, राऊटरजवळ उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, ९४ चा आकडा दाखवला आणि "मॅडम, आमच्याकडून ओके आहे," म्हणून निघून गेला. तेव्हा खूप राग आला. आता कळतंय, तो अर्धा बरोबर होता.

घरात नेट येतं ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा, कंपनीची फायबर केबल खांबावरून आपल्या घरातल्या डबीपर्यंत. दुसरा, त्या डबीपासून आपल्या पीसीपर्यंत. पैसे आपण पहिल्या टप्प्याचे भरतो. दुसरा टप्पा पूर्णपणे आपला असतो आणि बहुतेक घरांत गडबड तिथेच होते. आमचा पहिला टप्पा ठणठणीत होता. दुसरा आजारी होता.

तिचा पीसी म्हणजे तिच्या दादाने असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. बार्शीहून चादरीत गुंडाळून आणलेला. अशा बऱ्याच असेंबल पीसींच्या मदरबोर्डवर वायफाय नसतंच. लॅपटॉप वापरणाऱ्यांना हे पटत नाही, पण खरं आहे. म्हणून तिने साडेतीनशे रुपयांचं, नखाएवढं यूएसबी डोंगल घेतलं होतं आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचलं होतं. त्याच्या बरोबर शेजारी, धुळीने भरलेला, कधीच न वापरलेला एक चौकोनी पोर्ट होता. लॅन पोर्ट. उत्तर तिथेच होतं, आम्हाला दिसत नव्हतं.

हवेतला लक्ष्मी रोड

मग माझ्यातली पत्रकार जागी झाली. मोबाइल त्याच, पीसी त्याच खोलीत, मग एकाचं नेट चालतं आणि दुसऱ्याचं मरतं कसं?

उत्तर आहे बँड. आपलं वायफाय मुख्यतः दोन बँडवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. माझा मोबाइल ५ वर होता. तिचं स्वस्तातलं डोंगल फक्त २.४ वर चालणारं. बॉक्सवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वाचतो कोण?

पुणेकरांच्या भाषेत सांगायचं तर २.४ म्हणजे रविवार संध्याकाळचा लक्ष्मी रोड. पेठेत सगळीकडे पोहोचवतो, पण गर्दी मरणाची. ५ म्हणजे हायवे. सुसाट, पण गल्लीबोळात शिरत नाही. म्हणजे २.४ च्या लहरी भिंतींमधून बऱ्यापैकी लांब जातात, ५ वर डेटाचा वेग जास्त मिळत असला तरी भिंती त्याच्या लहरींना लवकर अडवतात.

वायफाय स्कॅन करणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. मी तिच्या टेबलापाशी उभं राहून स्कॅन केलं तर आमच्याशिवाय तेवीस नेटवर्क दिसली. वरचे, खालचे, शेजारच्या विंगमधले, सगळे. त्यातली बहुतेक २.४ वर. आता या बँडमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे तेवीस घरं तीन लेनमध्ये कोंबलेली. वर ब्लूटूथ याच बँडमध्ये, आणि मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. कुणी पोहे गरम करायला ठेवले की तुमच्या व्हिडिओ कॉलला धक्का बसू शकतो, हा जोक नाही.

दुसरं म्हणजे, एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांनी थांबायचं. हॉस्टेलच्या एका बाथरूमसमोरची सकाळची रांग आठवा. पाणी भरपूर आहे, पण नंबर येईल तेव्हा.

मग दांड्या फुल कशा? तर त्या दांड्या फक्त सिग्नल किती जोरात ऐकू येतोय ते सांगतात. गोंगाटात शब्द कळतोय का, ते नाही. मिरवणुकीत कुणी कानाशी ओरडलं तरी काय म्हणाला ते कळत नाही, तसं.

आणि आमच्या डोंगलची जागा! पुढे लोखंडी कॅबिनेट, मागे भिंत, मध्ये माझं लोखंडी कपाट, पलीकडे बाथरूमची टाइल्स लावलेली भिंत. बिचाऱ्या डोंगलने चाळीस मिनिटं तग धरला, हेच खूप.

स्पीड नको, पिंग बघा

आपण सगळे स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यावर खूश असतो. त्यातही एक गफलत आहे. १०० एमबीपीएसमधलं 'बी' म्हणजे बिट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० चा प्लॅन असला तरी फाइल डाउनलोड होताना जास्तीत जास्त साडेबारा एमबी सेकंदाला. कंपनी फसवत नाहीये, गणित तेच आहे.

पण ऑनलाइन टेस्ट किंवा इंटरव्ह्यूला एवढा स्पीड लागतच नाही. लागतं ते सातत्य. ते बघायचं साधन तुमच्या पीसीत आधीपासून आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. तिथे 'डीफॉल्ट गेटवे' समोर दिसेल तो तुमच्या राऊटरचा पत्ता. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग 'पिंग', स्पेस, तो पत्ता, स्पेस, 'मायनस टी' टाइप करून एंटर मारा. पीसी दर सेकंदाला राऊटरला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. थांबवायला कंट्रोल सी.

आम्ही हे दहा मिनिटं चालू ठेवलं. ३, ४, ३, ५... मग अचानक २८०, ४१०, आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पंधरा फुटांवरच्या राऊटरला आमच्या पीसीची हाक ऐकू जात नव्हती! बाहेरच्या नेटचा इथे संबंधच नाही, हे घरातल्या घरात. गुन्हेगार सापडला होता.

"भिंतीला भोक पाडायचं नाही!"

उपाय तीन होते. राऊटर आतल्या खोलीजवळ आणायचा, चांगलं ड्युअल बँड डोंगल घ्यायचं, किंवा सरळ वायर टाकायची. राऊटर हलवायचा तर फायबर नव्याने ओढावी लागणार होती. ड्युअल बँड डोंगल दुप्पट किमतीचं, आणि तरी मध्ये कपाट-भिंती त्याच. एकच संधी उरली असताना आम्हाला 'बहुतेक चालेल' नको होतं. म्हणून वायर.

घरमालकीण काकूंना विचारलं. काकूंचं उत्तर तयारच, "वायर टाका, पण भिंतीला भोक पाडायचं नाही. खिळेसुद्धा नकोत. मागच्या पोरांनी काय अवस्था केली होती, बघितलीये मी!" भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असेल.

तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने दोन केबल समोर ठेवल्या, दिसायला सेम, किमतीत फरक. स्वस्तातल्या केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. महागातली अख्ख्या तांब्याची. आम्ही तांब्याची कॅट सिक्स घेतली. घरासाठी कॅट फाइव्ह ई पण पुरते. दोन्ही प्रकार शंभर मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, नेऊ शकतात. आपला टू बीएचके केवढा!

केबल बसवायला आला कॉलनीत सीसीटीव्ही लावणारा दादा. त्याने केबल चौकटीच्या कडेने फिरवली, खिळ्यांऐवजी चिकटपट्टीच्या क्लिपा लावल्या, दाराखालून आत नेली. लाइटच्या वायरींपासून मुद्दाम लांब ठेवली. काकू स्वतः येऊन बघून गेल्या. पास!

मग त्याने टोकाचं प्लास्टिक सोललं. आत आठ रंगीत तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. "ही पिळ कशाला?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, ही पिळ आहे म्हणून बाहेरचा डिस्टर्बन्स आत घुसत नाही. उलगडायची ती टोकाला अर्धा इंच, जास्त नाही." पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. या क्रमाने तारा क्लिपमध्ये सरकवून त्याने क्रिंपिंग टूलने दाबल्या. दोन्ही टोकांना हाच क्रम. खट्!

पीसीला लावली, नेट चालू. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात, तर दादा सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर लिंक स्पीड १००. खरंतर १००० दिसायला हवं होतं. "एखादी तार नीट बसली नाही," तो म्हणाला. गंमत म्हणजे १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून केबल अर्धवट असली तरी चालते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. "अहो दादा, आमचा प्लॅन १०० चाच आहे, राहू द्या," रूममेट म्हणाली. तो म्हणाला, "नको ताई. उद्या प्लॅन वाढवलात की मलाच फोन कराल." टोक कापलं, परत क्रिंप केलं. १०००.

तो गेल्यावर पुन्हा काळी खिडकी, पुन्हा पिंग. प्रत्येक ओळीत एक मिलिसेकंदाहून कमी. अर्धा तास ठेवलं. एकही ओळ चुकली नाही. आम्ही दोघी त्या कंटाळवाण्या ओळी सिरियल बघावी तशा बघत बसलो होतो.

केबल लावली, तरी नेट नाही?

तुम्ही स्वतः करणार असाल तर या जागी अडकाल. केबल राऊटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्येच लावा. 'वॅन' पोर्ट कंपनीकडून येणाऱ्या लाइनसाठी असतो, तिथे लावली तर काही होणार नाही. पोर्टजवळचा छोटा दिवा लागला नाही तर केबल सैल आहे किंवा टोक बिघडलंय. दिवा लागतोय पण नेट नाही, तर 'आयपीकॉन्फिग' करून पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, राऊटरने तुमच्या पीसीला पत्ताच दिलेला नाही. पीसीने स्वतःच काहीतरी ठोकून दिलंय. केबल काढून लावा, राऊटर रीस्टार्ट करा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी टू लॅन अ‍ॅडॉप्टर मिळतो. आणि केबल लावली की विंडोज सहसा आपोआप तिलाच पहिली पसंती देतं, वायफाय बंद करायची गरज नसते.

वायर म्हणजे जुनाट आणि वायफाय म्हणजे लेटेस्ट, असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट उलटसुलट आहे. १९७१ मध्ये हवाईच्या विद्यापीठाने बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओ लहरींनी जोडले, त्या नेटवर्कचं नाव अलोहानेट. त्यावरून कल्पना घेऊन रॉबर्ट मेटकाफने १९७३ मध्ये झेरॉक्सच्या लॅबमध्ये वायरवरचं इथरनेट मांडलं. म्हणजे वायरची आयडिया हवेतून आली! 'वायफाय' हे नाव तर १९९९ चं. मेटकाफला इथरनेटसाठी २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षं जुनी ती कल्पना आमच्या दाराखालून जात होती.

पासवर्ड? काकूंचा मोबाइल नंबर!

या सगळ्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. आमच्या वायफायचा पासवर्ड होता काकूंचा मोबाइल नंबर. कनेक्शन देणाऱ्या माणसाने तोच ठेवला होता आणि नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लिहिलेला! म्हणजे अर्ध्या बिल्डिंगला आमचं नेट खुलं. तुमच्याही घरी बाबांचा नंबर असेल, तर आजच बदला. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाण्याचा पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असेल, तो पण बदला. सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए टू किंवा थ्री निवडा. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते वापरा. नवा पासवर्ड आम्ही काकूंना कागदावर लिहून दिला, नाहीतर रात्री त्यांची सिरियल बंद पडली असती आणि आमचं काही खरं नव्हतं.

दुसरा चान्स

अकरावा दिवस. पुन्हा कर्फ्यू. यावेळी तयारी जंगी होती. पीसीला केबल. मैत्रिणीकडून मागून आणलेला यूएपीएस नव्हे, तर चक्क यूपीएस, त्यावर पीसी आणि राऊटर दोन्ही, कारण लाइट गेली तर केबल काय करणार? शिवाय माझा मोबाइल डेटा केबलने पीसीला जोडून ठेवलेला. ही गोष्ट आधी माहीत असती तर! अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की वायफाय नसलेल्या पीसीलाही नेट मिळतं. कसलं डोंगल नाही, कसला खर्च नाही.

मी हॉलमध्ये राऊटरसमोर पहारेकऱ्यासारखी बसले होते. दीड तास. दिवे हिरवेच राहिले. फोनची गरजच पडली नाही.

ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि आईला फोन लावला. यावेळी म्हणाली, "आई, अवघड होती गं. दोन प्रश्न आलेच नाहीत. पण पूर्ण दिली."

रिझल्ट अजून यायचाय. काहीही लागला तरी तो तिचा असेल, डोंगलचा नाही.

चौकट : टेस्टच्या आदल्या दिवशी

- राऊटरला दहा मिनिटं पिंग करा. आकडे उड्या मारत असतील तर प्रॉब्लेम घरातच आहे.
- शक्य असेल तर लॅन केबल लावा. एका दिवसासाठी हॉलमध्ये टेबल हलवलं तरी चालेल.
- केबल शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झला कनेक्ट व्हा आणि राऊटरच्या खोलीत बसा.
- डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचू नका. छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनने बाहेर, उंचावर आणा.
- राऊटर टीव्हीमागे, कपाटात किंवा फरशीवर नको. मोकळ्या, उंच जागी ठेवा.
- यूएसबी टेदरिंग एकदा करून बघा. फोनमध्ये डेटा शिल्लक आहे ना, तेही.
- लाइट गेली तर काय, याचं उत्तर आजच शोधा.
- आणि घरच्यांना सांगून ठेवा, मायक्रोवेव्ह दीड तास बंद!